मदत हवी आहे: हॉटस्पॉटला लॅपटॉप जोडला जातो, पण इंटरनेट मिळत नाही, त्यासाठी फोन रूट करावाच लागेल का?

नमस्कार.

फोनवरील मोबाइल डेटा लॅपटॉपसाठी वापरताना मला एक अडचण येत आहे. ती सोडवायची असेल तर फोन रूट करण्यावाचून (म्हणजे फोनच्या प्रणालीवर सर्वाधिकार मिळवण्यावाचून) गत्यंतर नाही, असे मला दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी सांगितले. परंतु त्यामागचे कारण दोघांनाही नीट सांगता आले नाही, म्हणून येथे विचारत आहे.

फोन अँड्रॉइड ९ वर चालतो आणि त्याला यापुढची आवृत्ती मिळणार नाही. लॅपटॉपवर विंडोज १० आहे. मागील महिन्यापर्यंत हॉटस्पॉट व्यवस्थित चालत होता. नंतर मी दुसऱ्या कंपनीचे सिम घेतले. सुरुवातीला त्यावर फोनमध्येच इंटरनेट चालेना, तेव्हा कंपनीच्या मदत केंद्राने सांगितल्याप्रमाणे मी एपीएनची (मोबाइल डेटाच्या जोडणीच्या तपशिलाची) नोंद हाताने भरली आणि फोनमधील इंटरनेट सुरू झाले. हॉटस्पॉट मात्र तेव्हापासून नावापुरताच उरला आहे. लॅपटॉपला त्याचे नाव दिसते, पासवर्ड स्वीकारला जातो, १९२.१६८.४३ ने सुरू होणारा पत्ताही मिळतो, आणि त्यापुढे काहीच घडत नाही. ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नाही. त्याच क्षणी फोनवर मात्र व्हिडिओसुद्धा न अडखळता चालतो.

आतापर्यंत मी दोन्ही यंत्रे बंद करून पुन्हा सुरू केली आहेत, हॉटस्पॉटचे नाव व पासवर्ड बदलला आहे आणि लॅपटॉपची फायरवॉल काही वेळ बंद ठेवून पाहिली आहे. लॅपटॉप जुना असल्यामुळे त्याला ५ गिगाहर्ट्‌झचा हॉटस्पॉट दिसतच नाही, म्हणून तो पहिल्यापासून २.४ गिगाहर्ट्‌झवरच ठेवलेला आहे. घरातील एक टॅब्लेट जोडून पाहिला, तर त्याचीही तीच गत झाली. त्यामुळे दोष लॅपटॉपचा नसावा, असे मला वाटते. ब्लूटूथनेही हाच अनुभव आला. माझ्या योजनेच्या अटी वाचल्या असता त्यात हॉटस्पॉटला मनाई असल्याचा उल्लेख आढळला नाही.

रूट न करता हे दुरुस्त होण्याजोगे आहे का, आणि नसल्यास रूट केल्याने ते नक्की कसे दुरुस्त होईल, हे कृपया कोणी समजावून सांगावे. याच फोनवर माझ्या बँकेचे ॲप आहे आणि ते बंद पडणे मला परवडणार नाही.

प्रतिसाद १

आपण अडचण नीट मांडली आहे, त्यामुळे निम्मे काम झाले आहे. लॅपटॉपला पत्ता मिळतो, याचा अर्थ फोन त्याच्याशी बोलतो आहे. हॉटस्पॉट सुरू असताना फोन एका छोट्या राउटरचे काम करतो: जोडलेल्या यंत्रांना तो पत्ते वाटतो आणि त्यांच्याकडून आलेली माहिती स्वतःच्या नावावर बाहेर पाठवतो. आपल्याकडे पहिले काम होत आहे आणि दुसरे अडले आहे.

ते कोठे अडले आहे, हे ठरवण्यासाठी दोन चाचण्या कराव्यात. पहिली, हॉटस्पॉट जोडलेला असताना लॅपटॉपच्या कमांड प्रॉम्प्टमधून आधी फोनच्या पत्त्याला, म्हणजे १९२.१६८.४३.१ ला, आणि नंतर ८.८.८.८ या इंटरनेटवरील गूगलच्या पत्त्याला पिंग करावे, म्हणजे उत्तर येते का हे पाहणारा छोटा संदेश पाठवावा. दुसऱ्या पिंगला उत्तर आले आणि तरीही पाने उघडत नसतील, तर दोष केवळ डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधण्याच्या सोयीचा आहे आणि तो किरकोळ आहे.

दुसरी चाचणी अधिक महत्त्वाची आहे. मोबाइल डेटा बंद करून फोन एखाद्या वाय-फायला जोडावा, केबलने लॅपटॉपला लावावा आणि यूएसबी टेदरिंग (केबलने इंटरनेट वाटण्याची सोय) सुरू करावे. यूएसबी टेदरिंग फोनला त्या वेळी ज्या मार्गाने इंटरनेट मिळत असेल तोच मार्ग पुढे देते, मग तो वाय-फायचा का असेना. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. त्यानंतर केबल तशीच ठेवून वाय-फाय बंद आणि मोबाइल डेटा सुरू करून पाहावे. दोन्ही वेळचा निकाल येथे लिहावा.

प्रतिसाद २

रूट करून मोकळे व्हा, असे माझे मत आहे. काही कंपन्या फोनचे स्वतःचे इंटरनेट आणि वाटलेले इंटरनेट यांत फरक करतात, आणि तो ओळखण्याची एक सोपी खूण त्यांच्याकडे असते. प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे पाठवलेल्या माहितीच्या तुकड्यावर, टीटीएल नावाचा एक आकडा असतो आणि वाटेतील प्रत्येक राउटरपाशी तो एकाने कमी होतो. फोनवरून निघालेले पॅकेट साधारणपणे ६४ या आकड्याने निघते. विंडोजचे पॅकेट १२८ ने निघते आणि फोनमधून पुढे जाताना त्याचे १२७ होतात. टॅब्लेटच्या ६४ चे ६३ होतात. हा आकडा पाहिला की मागे दुसरे यंत्र आहे, हे कंपनीला कळते. रूट केलेल्या फोनमध्ये बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर ६४ हा आकडा नव्याने लिहिता येतो, मात्र फोनच्या कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) तशी सोय असावी लागते. मी माझा जुना फोन मॅजिस्क हे साधन वापरून रूट केला आहे आणि मला आजवर त्रास झालेला नाही.

प्रतिसाद ३

वरील प्रतिसादातील टीटीएलची माहिती बरोबर आहे, परंतु निदान होण्याआधीच शस्त्रक्रिया सुचवणे मला पटत नाही. शिवाय कंपनीने अटींमध्येच वाटप वगळले असेल, तर आकडा बदलून ते लपवणे म्हणजे केलेला करार मोडणे होय. त्यापेक्षा योजना बदलणे बरे. येथे तर अटींमध्ये मनाईच नाही.

इंटरनेट वाटायचे म्हणजे रूट करायचे, हा समज मुळात फार जुन्या काळातला आहे. २०१० मध्ये अँड्रॉइड २.२ ही आवृत्ती आली आणि यूएसबी टेदरिंग व वाय-फाय हॉटस्पॉट या दोन्ही सोयी प्रणालीतच मिळू लागल्या. त्यापूर्वी हे काम करणाऱ्या अनेक ॲपना रूटचा अधिकार लागत असे. ती गरज संपली, सल्ला मात्र अजून फिरतो आहे.

रूट करण्याची किंमत धागाकर्त्यांनी आधी समजून घ्यावी. बहुतेक फोनमध्ये त्यासाठी प्रथम बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा प्रोग्रॅम) उघडावा लागतो आणि तो उघडताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. त्यानंतर बँकांची बरीच ॲप चालण्यास नकार देतात, कारण फोनची प्रणाली मूळ स्थितीत आहे का, हे ती गूगलच्या तपासणी यंत्रणेकडून विचारून घेतात. ती तपासणी चुकवण्याच्या युक्त्या आहेत. पण आज चाललेली युक्ती उद्या चालेलच असे नाही, आणि नेमके पैसे भरायच्या वेळी ॲप बंद पडते. काही फोनमध्ये चित्रपट दाखवणारी ॲप त्यानंतर कमी दर्जाचेच चित्र देतात. सॅमसंगच्या फोनमध्ये नॉक्स या सुरक्षा यंत्रणेची खूण एकदा बदलली की फोन मूळ प्रणालीवर परत नेला तरी ती पूर्ववत होत नाही. अधिकृत सुधारणा मिळण्यात अडथळा येतो, हा नेहमी सांगितला जाणारा तोटा आपल्याला लागू नाही, कारण आपल्या फोनला त्या तशाही मिळणार नाहीत. पण सुरक्षेच्या सुधारणा थांबलेल्या फोनमध्ये सर्वाधिकाराचे दार उघडून ठेवणे आणि त्याच फोनवर बँकेचे व्यवहार करणे, हे मी तरी केले नसते.

अगदीच गरज पडली तर पीडीए-नेटसारखी ॲप रूटविना चालतात. लॅपटॉपची मागणी ते ॲप स्वतःकडे घेते आणि स्वतःच्या नावाने इंटरनेटवर पाठवते, त्यामुळे प्रणालीच्या दृष्टीने ती फोनवरील एका साध्या ॲपची वाहतूक ठरते. लॅपटॉपवर मात्र त्याचा जोडीदार प्रोग्रॅम बसवावा लागतो किंवा प्रॉक्सीचा, म्हणजे मध्यस्थाचे काम करणाऱ्या त्या ॲपचा, पत्ता भरावा लागतो, आणि प्रॉक्सी न जुमानणारे प्रोग्रॅम तसेच कोरडे राहतात.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. दोन्ही चाचण्या केल्या.

हॉटस्पॉटवर फोनच्या पत्त्याकडून पिंगला लगेच उत्तर येते, परंतु ८.८.८.८ कडून एकदाही आले नाही. यूएसबीचा निकाल मला चकित करणारा होता: फोन वाय-फायवर असताना लॅपटॉपवर इंटरनेट उत्तम चालले, आणि वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा सुरू करताच ते थांबले. केबल तीच, लॅपटॉप तोच, आणि फोनवर इंटरनेट चालूच होते.

प्रतिसाद १ लिहिणारे

मग रूटचा विषय येथेच थांबवावा. फोनची वाटपाची यंत्रणा निर्दोष आहे, हे वाय-फायच्या चाचणीने सिद्ध झाले. लॅपटॉपकडून आलेली मागणी मोबाइल डेटाच्या मार्गाने पुढे जात नाही, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे मूळ बहुधा आपण हाताने भरलेल्या एपीएनच्या नोंदीत आहे.

त्या नोंदीत एपीएन प्रकार नावाचा एक रकाना असतो. ती जोडणी कोणकोणत्या कामांसाठी वापरायची, हे त्यात लिहिलेले असते. 'डिफॉल्ट' म्हणजे फोनचे नेहमीचे इंटरनेट, 'एमएमएस' म्हणजे चित्रसंदेश, आणि 'डीयूएन' म्हणजे दुसऱ्या यंत्राला दिलेले इंटरनेट. डायल-अप नेटवर्किंग या जुन्या नावाचे ते लघुरूप आहे. काही फोन काही सिमवर वाटपासाठी डीयूएन प्रकाराची नोंद असण्याचा आग्रह धरतात. ती सापडली नाही, तर ते नेहमीच्या जोडणीवर परत येत नाहीत आणि तक्रारही करत नाहीत. हॉटस्पॉट सुरू झाल्याचे चिन्ह दाखवतात आणि जोडलेल्या यंत्रांना वाऱ्यावर सोडतात. मदत केंद्रे सहसा एपीएनचे नाव तेवढे सांगतात आणि या रकान्याबद्दल कोणी बोलत नाही.

सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्कखाली एपीएनची यादी उघडून आपली नोंद निवडावी. प्रकाराच्या रकान्यात जे लिहिलेले असेल ते पुसू नये; त्याच्यापुढे स्वल्पविराम देऊन, मध्ये जागा न सोडता, इंग्रजी लहान लिपीत डी, यू आणि एन ही अक्षरे लिहावीत. रकाना रिकामा असल्यास आधी डिफॉल्ट हा शब्द लिहून मग ही अक्षरे जोडावीत. बदल जतन करायला विसरू नये. बऱ्याच फोनमध्ये त्यासाठी कोपऱ्यातील तीन ठिपके दाबावे लागतात आणि तसेच मागे आल्यास सर्व पुसले जाते. नंतर विमान मोड काही सेकंद सुरू ठेवून बंद करावा. काही सिमवर ही नोंद कुलूपबंद असते, तसे असल्यास त्याच तपशिलाची दुसरी नवी नोंद करून ती निवडावी.

धागाकर्ता

झाले! रकान्यात केवळ डिफॉल्ट हा एकच शब्द होता. आपण सांगितलेली अक्षरे जोडली, जतन केले, आणि विमान मोडमधून बाहेर येताच लॅपटॉपवर इंटरनेट सुरू झाले. हॉटस्पॉट, केबल आणि ब्लूटूथ हे तिन्ही मार्ग आता चालतात, मात्र ब्लूटूथचा वेग इतका कमी आहे की पत्रे वाचण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

याच धाग्यात आणखी दोन शंका विचारतो. रात्री लॅपटॉप जोडलेला राहिला आणि विंडोजने सुधारणा उतरवून घेतल्या, त्यात दिवसभराचा डेटा संपला. हे कसे टाळावे? दुसरे असे की फोनवर व्हीपीएन (वाहतूक कूटबद्ध करून दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) सुरू असताना लॅपटॉपची वाहतूक त्यातून जात नाही, असे लक्षात आले. येथे तरी रूट लागते का?

प्रतिसाद २ लिहिणारे

माझे निदान चुकले, हे मान्य करतो. व्हीपीएनबाबत मात्र थोडे बोलण्याचा अधिकार मला आहे, कारण मी फोन रूट केला तो त्याचसाठी.

अँड्रॉइडमध्ये व्हीपीएन फोनवरील ॲपसाठी असतो. लॅपटॉपकडून आलेली माहिती कोणत्याही ॲपची नसते. प्रणाली ती थेट मोबाइल डेटाकडे ढकलते, आणि व्हीपीएनचा बोगदा बाजूलाच राहतो. रूट केलेल्या फोनवर व्हीपीएन हॉटस्पॉट नावाचे ॲप हा मार्ग वळवते. परंतु आपल्याला एकच लॅपटॉप जोडायचा आहे, तेव्हा व्हीपीएन लॅपटॉपवरच बसवावा. परिणाम तोच मिळतो आणि फोनला हात लावावा लागत नाही. स्वतःचा व्हीपीएन चालवू न शकणारी यंत्रे, उदाहरणार्थ टीव्ही, जोडायची असतील तरच रूटचा विचार करण्यात अर्थ आहे. वर सांगितलेली प्रॉक्सीची पद्धत येथेही चालते, कारण प्रॉक्सी ॲपची वाहतूक फोनच्या व्हीपीएनमधून जाते. फक्त ते ॲप व्हीपीएनच्या सेटिंग्जमध्ये वगळलेले नसावे.

प्रतिसाद ३ लिहिणारे

सुधारणांसाठी विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये आपल्या हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' (मर्यादित डेटाची जोडणी) सुरू करावे. मग बहुतेक मोठ्या सुधारणा थांबून राहतात. ही निवड प्रत्येक जोडणीसाठी वेगळी असते, त्यामुळे केबलने जोडल्यावर ती त्या जोडणीसाठी पुन्हा करावी लागेल. लांब वेळ काम असेल तर मी केबलच सुचवेन. फोन चार्ज होत राहतो आणि हॉटस्पॉटच्या मानाने कमी तापतो.

धागाकर्ता

मीटर्ड कनेक्शन दोन्ही जोडण्यांवर सुरू केले आणि व्हीपीएन लॅपटॉपवर बसवला. बँकेचे ॲप जसेच्या तसे चालू आहे. पुढे कोणाला शोधताना सापडावे म्हणून धाग्याच्या शीर्षकात 'एपीएन प्रकार' हे शब्द जोडण्याची विनंती व्यवस्थापकांना केली आहे.