मदत हवी आहे: घर घेतलं, आतला भाडेकरू भाडं देत नाही

माडीवाली
मार्चअखेरीस दुमजली घर घेतलं. वर आम्ही, खालच्या दोन खोल्यांत आधीपासूनचा भाडेकरू. तीन महिन्यांत एक पैसा दिला नाही. मागायला गेलं की अर्धं दार उघडून "बघू" म्हणतो. जिन्याखाली पत्रे ठोकून सामान भरलंय. याला लवकर बाहेर कसं काढायचं? घेताना चौकशी का केली नाही, हे कृपया विचारू नका.

सरळरेघ
करार कसला? भाडेकरार की लीव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी)? नोंदवलेला आहे? अनामत कोणाकडे? कुठल्या राज्यात?

माडीवाली
महाराष्ट्रात. करार वगैरे काहीच नाही, बारा वर्षं राहतोय म्हणे. करारच नाही तर हक्क कसला?

कोर्टाचीपायरी
ताई, उलट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरतात, तुम्ही खोटं ठरवेपर्यंत.

रोखठोक
एवढं कशाला? खालचं पाणी तोडा. आमचा आठवड्यात गेला.

कोर्टाचीपायरी
अजिबात नको! कलम २९ बघा. पाणी-वीज तोडली तर कोर्ट तुम्हालाच जोडून द्यायला लावेल, वर तुमचीच बाजू लंगडी पडेल.

रोखठोक
मग काय जन्मभर खटला लढायचा? मी केलं, मला कोणी काही विचारलं नाही.

अंगणवेल
मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) नाव लावलंत का? आमचं राहून गेलं होतं, फार हेलपाटे पडले. ते आधी करा.

सरळरेघ
घर विकल्याचं त्याला लेखी कोणी कळवलं?

माडीवाली
लेखी कशाला? आमचं सामान चढताना तो दारातच उभा होता.
थांबा, आत्ता खाली जाऊन आले. त्याने निळ्या पुठ्ठ्याची वही दाखवली. दर महिन्याला रक्कम आणि शेजारी आधीच्या मालकांची सही. एप्रिल आणि मेच्याही सह्या आहेत! आम्ही घर घेतल्यानंतरच्या!

सरळरेघ
हेच वाटत होतं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२, कलम १०९. विक्रीची कल्पना नसताना त्याने जुन्या मालकाला दिलेलं भाडं तुम्हाला त्याच्याकडून पुन्हा मागता येत नाही. ते दोन महिने जुन्या मालकांकडून वसूल करा.

कोर्टाचीपायरी
पण सामान येताना पाहिलं ना त्याने? कल्पना नव्हती कसं म्हणेल?

सरळरेघ
वर नवे भाडेकरू आले असं वाटलं म्हणेल. त्या दोन महिन्यांसाठी कोर्टात जाऊ नका. खरेदीखताची प्रत जोडून आजच पत्र पाठवा, स्पीड पोस्टाने, पोच घेऊन. त्यानंतरही थकवलं तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५ची मागणी नोटीस, ९० दिवस थांबून मगच दावा. खोल्या खरंच स्वतःला हव्या असतील तर त्याच कायद्याचं कलम १६ आहे, पण गरज सिद्ध करावी लागते. जिन्याखालच्या पत्र्यांचे फोटो काढून ठेवा.

माडीवाली
जुने मालक फोन उचलत नाहीत. पत्र लिहायला घेतलंय. जूनचं भाडं देतो म्हणतोय, पण त्याच वहीत सही मागतोय. करू?

कोर्टाचीपायरी
वहीत नको. कलम ३१ प्रमाणे पावती द्यावीच लागते, ती स्वतःच्या नावाची द्या आणि स्थळप्रतीवर (तुमच्याकडे राहणाऱ्या प्रतीवर) त्याची सही घ्या. मालक तुम्ही आहात हे मग त्याच्याच सहीने मान्य होईल.