व्हीपीएनवरून घरचा स्टोरेज सर्व्हर उठत नाही

प्रश्न

सांगलीच्या घरी एका जुन्या डेस्कटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) घालून मी स्टोरेज सर्व्हर केला आहे. त्यात घरातले फोटो आणि शेताची स्कॅन केलेली कागदपत्रे आहेत. मी बंगळूरुला राहतो. सर्व्हर रोज रात्री आपोआप बंद होतो आणि गरज पडेल तेव्हा त्याला वेक-ऑन-लॅनने (नेटवर्कवरून संदेश पाठवून बंद यंत्र सुरू करण्याची सोय) उठवावे, अशी माझी योजना आहे. घरच्या वायफायवर फोनमधल्या ॲपने तो लगेच सुरू होतो. बंगळूरुहून वायरगार्ड हे व्हीपीएन (इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) जोडून सर्व्हरच्या आयपी पत्त्यावर तोच संदेश पाठवला, तर बंद झाल्यावर पहिली काही मिनिटेच तो दाद देतो, नंतर अजिबात नाही. वायरगार्ड घरच्या, ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली असलेल्या राउटरवर चालते आणि राउटरचे पान इथून व्यवस्थित उघडते. चूक कुठे असावी?

उत्तर १

‘पहिली काही मिनिटे’ ही तुम्ही नोंदवलेली गोष्टच कारण सांगते. मॅजिक पॅकेट (यंत्र उठवणारा संदेश) म्हणजे एफएफ हा बाइट ६ वेळा आणि त्यापुढे सर्व्हरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) १६ वेळा, असा एकूण १०२ बाइटांचा मजकूर. बंद यंत्राचे नेटवर्क कार्ड स्टँडबाय विजेवर हा मजकूर ओळखू शकते, पण त्या यंत्राला तेव्हा आयपी पत्ता नसतो आणि ‘हा आयपी कोणाचा’ या राउटरच्या एआरपी प्रश्नाला ते सहसा उत्तरही देत नाही. राउटरच्या तक्त्यात तो आयपी कोणत्या मॅक पत्त्याचा याची जुनी नोंद आहे तोवर पॅकेट पोहोचते. राउटरने ती पुन्हा तपासली आणि उत्तर आले नाही, की नोंद बाद होते आणि पॅकेट राउटरपाशीच थांबते. घरी ॲप ब्रॉडकास्ट करते, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांना संदेश पाठवते, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. वायरगार्ड मात्र फक्त आयपी पॅकेटे वाहून नेते, इथरनेटचे ब्रॉडकास्ट त्यातून पलीकडे जात नाही.

म्हणून पॅकेट बंगळूरुहून पाठवूच नका, ते राउटरलाच तयार करू द्या. राउटरवर इथरवेक हे मॅजिक पॅकेट पाठवणारे पॅकेज बसवा, व्हीपीएनमधून एसएसएचने (दूरच्या यंत्रावर आज्ञा चालवण्याची सुरक्षित सोय) आत जा आणि घरातल्या लॅनचा इंटरफेस (बहुधा बीआर-लॅन) व सर्व्हरचा मॅक पत्ता देऊन ती आज्ञा चालवा. एसएसएच नको असेल तर लूसीमध्येही (राउटरच्या ब्राउझरमधल्या सेटिंग पानांमध्ये) वेक-ऑन-लॅनचे पान जोडता येते.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे. राउटरवर सर्व्हरच्या आयपी आणि मॅकची कायमची एआरपी नोंद करूनही काम होते, परंतु सर्व्हरचे नेटवर्क कार्ड बदलले की ती नोंद चुकीची ठरते, म्हणून मी इथरवेकच वापरतो. कृपया यासाठी राउटरचा यूडीपी ९ क्रमांकाचा पोर्ट थेट इंटरनेटला उघडू नका. साध्या मॅजिक पॅकेटमध्ये पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची कोणतीही सोय नसते, आणि व्हीपीएन असताना हा धोका पत्करण्याचे काही कारण नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. इथरवेकने काल रात्री आणि आज सकाळी, दोन्ही वेळा सर्व्हर सुरू झाला. आज दुपारी मात्र घरची वीज तासभर गेली आणि ती परत आल्यापासून तो पुन्हा उठत नाही. व्हीपीएन जोडलेले आहे, म्हणजे राउटर सुरू आहे.

उत्तर १

वीज पूर्ण गेली की कार्डाची स्टँडबाय वीजही जाते, आणि बऱ्याच मदरबोर्डांवर यंत्र एकदा सुरू होऊन नीट बंद झाल्याशिवाय कार्ड पुन्हा ऐकण्याच्या स्थितीत येत नाही. आज घरी कोणालातरी बटण दाबायला सांगावे लागेल. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याचा पर्याय निवडा; रात्री ते नेहमीप्रमाणे बंद होईल आणि कार्ड तयार राहील. तिथेच ईआरपी हा वीजबचतीचा पर्याय बंद आहे ना, हेही पाहा. डेबियनमध्ये इथटूलने (नेटवर्क कार्डाची सेटिंग पाहण्या-बदलण्याची आज्ञा) ‘वेक-ऑन’समोर ‘जी’, म्हणजे मॅजिक पॅकेटने उठण्याची खूण, दिसते का ते तपासा. इथटूलने हाताने केलेला बदल यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर टिकेलच असे नाही, म्हणून तो नेटवर्कच्या सेटिंगमध्येच कायमचा लिहून ठेवा.