लोकपाल कार्यालयातल्या नेमणुकांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयातल्या अभ्यासवर्गात मला लोकपालावर बोलायचंय. अध्यक्ष-सदस्यांची निवड २०१३ च्या कायद्यात स्पष्ट आहे: पंतप्रधान, लोकसभाध्यक्ष, विरोधी पक्षनेते, सरन्यायाधीश किंवा त्यांनी सुचवलेले न्यायमूर्ती आणि एक नामवंत कायदेतज्ज्ञ अशी समिती. खरी मेख कलम १० मध्ये आहे. सचिव, चौकशी संचालक आणि अभियोग (खटले चालवणाऱ्या विभागाचे) संचालक यांना लोकपालाचे अध्यक्षच नेमतात, पण नावांची यादी येते केंद्र सरकारकडून! ज्यांची चौकशी करायची त्यांनीच माणसं सुचवायची, हे मला फार खटकतं. यादीतलं एकही नाव पटलं नाही तर अध्यक्ष ती परत पाठवू शकतात का? आणि प्रतिनियुक्तीवर, म्हणजे दुसऱ्या खात्यातून ठरावीक काळासाठी आलेल्या अधिकाऱ्याचा कामगिरीचा वार्षिक अहवाल कोण लिहितं? अशा कार्यालयात काम केलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर सांगा.