रोबोंना मुकादम हवाय की ज्योतिषी?

वजनकाटा:
भिवंडीतल्या एका गोदामात सध्या आमचं काम चालू आहे. जमिनीवर क्यूआर स्टिकर, त्यावरून पळणारे बुटके रोबो. अख्खी रॅक उचलून पिकिंग करणाऱ्या, म्हणजे ऑर्डरचा माल काढणाऱ्या, माणसापुढे आणून ठेवतात. ही पद्धत 'किवा सिस्टिम्स' या अमेरिकन कंपनीने रूढ केली आणि ॲमेझॉनने २०१२ मध्ये ती कंपनीच ७७.५ कोटी डॉलरला घेतली.

आता कुठल्या रोबोने कुठली रॅक आणायची हे ठरवायला रीइन्फोर्समेंट लर्निंग, म्हणजे आरएल (गुण आणि दंड मिळवत अनुभवातून शिकणारं एआय), लावा असा सॉफ्टवेअरवाल्यांचा धोशा आहे. माझं मत: गरज नाही. हे मुकादमाचं काम आहे, पुढचं सांगणाऱ्या ज्योतिषाचं नाही. हमाल किती, पोती किती, बघायचं आणि वाटून मोकळं व्हायचं. त्याचं गणित हॅरल्ड कून या गणितज्ञांनी १९५५ मध्येच 'हंगेरियन पद्धत' म्हणून मांडून ठेवलंय. ३०० रोबो आणि ३०० कामं धरली तरी ढोबळमानाने २.७ कोटी पायऱ्या, साध्या संगणकाला सेकंदही लागत नाही. उत्तर त्या क्षणापुरतं सर्वोत्तम, आणि तसं सिद्धही करता येतं. मग शिकवणी कशाला लावायची?

गल्ली नंबर सात:
"त्या क्षणापुरतं" म्हणालात ना, तिथेच पाणी मुरतंय.

आधी 'जवळचा रोबो पाठवा' हा नियम बघू. रोबो अ पहिल्या रॅकपासून ४ मीटर, दुसरीपासून ५. रोबो ब पहिलीपासून ६, दुसरीपासून २०. जवळचा म्हणून अ पहिलीला गेला की ब ला २० मीटर तुडवावे लागतात. एकूण २४. उलट वाटले असते तर ५ आणि ६, अकरात काम झालं असतं. हे हंगेरियन पद्धत बरोबर पकडते, त्याबद्दल वाद नाही.

पण जिकडे रोबो पाठवला त्या गल्लीत आधीच पाच जण अडकून उभे आहेत, हे तिच्या तक्त्यात नसतं; त्यात फक्त कुठला रोबो कुठल्या रॅकपासून किती लांब एवढंच. दहा मिनिटांनी कुरिअरची गाडी लागणार आणि पिकिंगच्या तीन नंबरच्या स्टेशनवर झुंबड उडणार, हेही नसतं. आरएल सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकातल्या नकली गोदामात, असे हजारो दिवस जगून एवढंच शिकतं की आत्ता हा रोबो इथे गुंतवला तर पुढे किती महागात पडेल.

वजनकाटा:
मग गर्दीचा दंड घाला की तक्त्यात.

गल्ली नंबर सात:
किती घालू? ३ मीटर की ३०? तो आकडा कोणीतरी एसीत बसून ठोकून देतो आणि रॅकची मांडणी बदलली तरी वर्षभर तोच चालतो. आरएल तो आकडा अनुभवातून काढतं. यात ज्योतिष कुठे आलं?

रात्रपाळी:
मी दोन्हीकडचा मार खाल्लाय, म्हणून लिहितो. आधीच्या नोकरीत आम्ही सिम्युलेशनमध्ये आरएल लावलं होतं. पूर्ण झालेल्या प्रत्येक कामामागे एक गुण. आकडे असे झकास की साहेबांनी पेढे मागवले. मग एकाने नोंदी उघडल्या. अगदी कोपऱ्यातल्या रॅकवरची एक ऑर्डर अकरा तास पडून! रोबोंना कळलं होतं की लांबच्या एका फेरीत जवळच्या तीन होतात. मग कोपऱ्यात कोण तडमडायला जातंय? गणपतीची वर्गणी मागणारी पोरंसुद्धा लिफ्ट नसलेल्या इमारतीचा चौथा मजला टाळतातच.

थांबण्याच्या वेळेला दंड लावल्यावर सुधारलं. पण आपण नेमकं काय मागतोय हे कळायलाच आम्हाला दीड महिना लागला.

वजनकाटा:
हेच तर म्हणतोय मी!

रात्रपाळी:
पूर्ण ऐका. त्याच आरएलने एक गोष्ट आपणहून शोधली होती. पिकिंगवाली माणसं चहाला गेली की रोबो चार्जिंगला पाठवायचे. तोवर आमचे रोबो बॅटरी २० टक्क्यांवर आली की निघायचे, म्हणजे नेमके एकगठ्ठा, ऐन गर्दीत.

वजनकाटा:
ते एका ओळीच्या नियमाने होतं.

रात्रपाळी:
होतं. पण ती ओळ तीन वर्षं कोणी लिहिली नव्हती.

पाटीवरचा:
ॲमेझॉनचं कोणीच काढलं नाही? २०२५ मध्ये त्यांनी दहा लाखावा रोबो कामाला लावल्याचं जाहीर केलं. सोबत डीपफ्लीट नावाचं एआय मॉडेल, रोबोंचा प्रवासाचा वेळ १० टक्क्यांनी कमी करणारं. वाद मिटला.

गल्ली नंबर सात:
मी आरएलच्या बाजूचा, तरी हा दाखला नको. डीपफ्लीट मुळात रोबो कसे हलतील याचा अंदाज बांधायला शिकवलेलं मॉडेल आहे. त्यावरून कामवाटपाचं आरएल जिंकलं असं होत नाही. आणि १० टक्के हा कंपनीचा स्वतःचा आकडा.

बरा दाखला चीनच्या दिदी या टॅक्सी ॲपवाल्या कंपनीचा. टॅक्सी आणि गिऱ्हाईक जुळवायचा प्रश्न जवळपास हाच. त्यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत अमुक वेळी अमुक भागात मोकळी गाडी असण्याची किंमत आरएल शिकतं, आणि शेवटची जुळणी कून यांच्याच पद्धतीने होते. मुकादम तुमचाच, फक्त त्याच्या हातात दिलेला तक्ता हुशार.

वजनकाटा:
हे मला माहीत नव्हतं. हे पटण्यासारखं आहे, कारण निदान तक्ता उघडून बघता येईल. माझी खरी भीती वेगळी आहे. रात्री दोनला कट-ऑफ, म्हणजे माल रवाना करायची शेवटची वेळ, हुकला की सुपरवायझर मला फोन करतो, मॉडेलला नाही. रोबो १४ रिकामा उभा होता तरी का पाठवला नाही, याला "त्याला तसं वाटलं" हे उत्तर मी देऊ शकत नाही.

तर दिदीसारखं एका स्टेशनवर करून बघू. पण दिवाळीनंतर. सेलच्या तोंडावर कोणी चालू सिस्टिमला हात लावला तर माझ्याशी गाठ आहे.

रात्रपाळी:
दिवाळीनंतर लावलं तर गर्दी बघायलाच मिळणार नाही त्याला. शिकणार काय, रिकाम्या गल्ल्यांतून फिरायला?