लहान पापलेट लिलावाला न आणण्याचा ठराव आमच्या सोसायटीने करावा का?

प्रश्न : मढची लेक

नमस्कार. मी मुंबईतल्या मढच्या एका मच्छीमार कुटुंबातली आहे. आमची डोळीची एक बोट आहे. वडील तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते, आता बोट भाऊ सांभाळतो आणि हिशेब मी पाहते. पुढच्या महिन्यात आमच्या मच्छीमार सहकारी सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे. १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट कोणत्याही सभासदाने लिलावाला आणू नये आणि आणल्यास सोसायटीने दंड घ्यावा, असा ठराव त्या सभेपुढे येणार आहे. राज्य सरकारने २०२३ साली ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला, त्यात पापलेटसाठी हाच आकार आहे. बोंबलासाठी तो १८० आणि सुरमईसाठी ३७० मिलिमीटर आहे. ज्या वर्षी पापलेटला राज्यमासा म्हणून मान मिळाला, त्याच वर्षीचा हा नियम आहे. म्हणजे ठराव कायद्यापेक्षा जास्त काही मागत नाही. तरीही आमच्या घरात त्यावरून दोन तट पडले आहेत.

भावाचे म्हणणे मी प्रामाणिकपणे मांडते, कारण ते मला खोडून काढता आलेले नाही. डोळ हे एका जागी बांधलेले जाळे आहे. ते माशाच्या मागे जात नाही. पाण्याची ओढ जे आणील ते खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, साठत जाते. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली आणि त्यांच्याबरोबर तळहाताएवढेही नसलेले पापलेट, असे सगळे एकत्र येते आणि जाळे उपसेपर्यंत त्यातले लहान पापलेट मेलेले असते. मेलेला मासा परत टाकून समुद्राची भरपाई होत नाही आणि डिझेल-बर्फाचा खर्चही भरून निघत नाही, असे तो म्हणतो. शिवाय आम्ही ठराव पाळला आणि शेजारच्या बंदराने पाळला नाही, तर तोच मासा तिथे विकला जाईल.

दुसऱ्या बाजूला वडिलांच्या जुन्या वह्या आहेत. त्यांत पापलेटसाठी वेगळा रकाना आखलेला असे. मी आजही तसाच रकाना आखते आणि बहुतेक पानांवर तो रिकामा राहतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने बोटीचे नुकसान केले, तेव्हा आम्ही कर्ज काढून ती पुन्हा उभी केली, कारण समुद्र परत देईल असा विश्वास होता. तो विश्वास पुढे ठेवता यावा म्हणून मी ठरावाच्या बाजूने उभी राहू इच्छिते. पण सभेत भावासारख्या माणसाला उत्तर देता आले पाहिजे. असा ठराव केवळ कागदावर न राहता टिकावा, यासाठी त्यात काय असायला हवे?

उत्तर : निवृत्त तांडेल, वेसावे

बाय, तुझ्या भावाचे म्हणणे खरे आहे आणि सभेत तू ते आधी मान्य कर. डोळीत मेलेल्या पापलेटचा प्रश्न लिलावाच्या जागी सुटत नाही, तो जाळे लावण्याच्या जागी आणि वेळी सुटतो. मी चाळीस वर्षे डोळ लावली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ असते तेव्हा जाळे भरते आणि भांगाच्या, म्हणजे पाण्याला ओढ नसलेल्या, दिवसांत आपण घरी बसतो, हे तुला सांगायला नको. पण कोणत्या उधाणाला, किती वाव (सुमारे सहा फुटांचा एक) खोल पाण्यात, कोणत्या बाजूला लहान पापलेट दाटते, हेही प्रत्येक तांडेलाला ठाऊक असते. पहिल्या उपशातच ते दिसते. त्यानंतर त्याच जागी दुसरे जाळे लावायचे की नाही, हा निर्णय माणसाच्या हातात असतो आणि ठराव त्या निर्णयाविषयी असला पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, एखाद्या बोटीच्या उपशात लहान पापलेट ठरावीक पाटीपेक्षा जास्त आले, तर तिने वायरलेसवरून इतरांना कळवावे आणि त्या उधाणापुरती ती जागा सर्वांनी सोडावी. जे पहिल्या उपशात आले ते विकण्यास मनाई करू नये, नाहीतर कोणी कळवणारच नाही. दंड ठेवायचाच असेल तर तो कळवल्यानंतरही त्याच जागी जाळे लावणाऱ्याला ठेवावा.

समुद्रात जागा वाटून घेणे आपल्याला नवीन नाही. कोणाची कव कुठे, म्हणजे डोळीचा खुंट कोणी कुठे ठोकायचा, हे आपल्या वाडवडिलांनी कोणत्याही कायद्याशिवाय ठरवले होते आणि दुसऱ्याच्या कवीवर जाळे लावणे हा मोठा अपराध मानला जात असे. नारळी पौर्णिमेआधी बोट पाण्यात लोटायची नाही, हेही कोणी शिक्षेच्या भीतीने पाळत नव्हते. पुढे इंजिने आली, बोटी लांब जाऊ लागल्या आणि पालघरकडच्या वागऱ्याच्या, म्हणजे मासा गळ्यात अडकवणाऱ्या जाळ्याच्या, मच्छीमारांशी आपल्या डोळीवाल्यांचा कवींवरून जुना वाद उभा राहिला. सातपाटीचे लोक वागऱ्याने मोठे पापलेट धरतात आणि त्यांच्या सहकारी संस्था वजनाप्रमाणे प्रतवारी करून ते विकतात. तुमच्या खोल्यात आमचे उद्याचे पापलेट मरते, असे ते म्हणत आले आहेत. आम्ही तेव्हा ते ऐकून घेतले नाही. या वयात मला वाटते की ऐकायला हवे होते.

शेजारच्या बंदराविषयीची भीतीही खोटी नाही. यासाठी ठराव एकट्या मढने करू नये. मढ, भाटी, मालवणी, वेसावे, मनोरी, गोराई आणि उत्तन यांच्या सोसायट्यांनी एकाच महिन्यात तो करावा. तुमच्याकडे कोणी विषय मांडणारा हवा असेल तर मी सभेला येईन.

उत्तर : मत्स्यशास्त्राची विद्यार्थिनी, अंधेरी

तांडेलकाकांच्या सूचनेला शास्त्राचा आधार आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मासेमारीचा अतिरेक दोन प्रकारचा असतो. एकात मासा वाढण्याआधीच धरला जातो. त्यामुळे नगांची संख्या मोठी असूनही वजन आणि पैसा कमी मिळतो. दुसऱ्यात अंडी घालणारे मोठे मासेच इतके कमी उरतात की नवी पिढी पुरेशी जन्मत नाही. पहिल्या प्रकारातून सावरणे तुलनेने सोपे असते, कारण जाळ्याची वेळ, जागा आणि आस, म्हणजे जाळ्याच्या भोकाचा आकार, बदलला की परिणाम लवकर दिसतो. दुसऱ्यातून सावरायला अनेक वर्षे जातात. पापलेटला दोन्ही बाजूंनी मार बसतो, कारण त्याचे पिल्लू डोळीत आणि ट्रॉलरच्या, म्हणजे जाळे ओढत नेणाऱ्या बोटीच्या, जाळ्यात सापडते आणि मोठा मासा वागऱ्यात.

डोळीचा आस मोठा करा, एवढेच सांगून भागत नाही, कारण खोल्याचा आस वाढवला तर जवळा आणि करंदी निसटतात आणि सुकटीवर चालणारी घरे अडचणीत येतात. ट्रॉलरचे तसे नाही. ट्रॉलच्या नेहमीच्या जाळ्याचा शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ओढताना मिटतो आणि लहान मासाही अडकून राहतो. तोच आस चौकोनी असला तर ओढतानाही उघडा राहतो आणि पिल्ले बाहेर पडतात. हा बदल खर्चिक नाही. तुमच्या सोसायटीत ट्रॉलरमालक सभासद असतील, तर ठरावात त्यांच्यासाठी हे वेगळे कलम असावे, नाहीतर सगळा भार डोळीवर येईल आणि तुमच्या भावाचा राग रास्त ठरेल.

दुसरी गोष्ट नोंदीची. कोणत्या आठवड्यात, किती वाव पाण्यात, किती लहान पापलेट आले, ही माहिती आज प्रत्येक तांडेलाच्या डोक्यात आहे. ती एका वहीत आली तर दोन हंगामांत जागा आणि काळ यांचा नकाशा तयार होईल. लांबी मोजण्यासाठी लाकडी फळीवर खूण केली तरी पुरते. वेसाव्यातच १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तिथल्या अभ्यासकांना ही वही दाखवता येईल, आणि मच्छीमारांनी स्वतः ठेवलेली नोंद सरकारपुढे मागणी मांडताना फार उपयोगी पडते.

कायद्याची बाजूही सभेत मांडा. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे आणि २०२१ साली त्यात दंड बरेच वाढवले गेले. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते. पर्ससीनला, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याला, २०१६ च्या आदेशाने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच काळ दिला आहे, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली आणि जानेवारी २०२५ पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनने पाहणी सुरू केली. नियम कमी नाहीत. जो पाळतो त्याचे नुकसान आणि जो मोडतो त्याचा फायदा, ही स्थिती मात्र अनेक ठिकाणी तशीच आहे. बंदीच्या काळातल्या मदतीचेही तसेच. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पात्र कुटुंबाला स्वतःचे १,५०० आणि सरकारचे ३,००० मिळून तीन महिन्यांसाठी ४,५०० रुपये मिळतात. मुंबईत एवढ्यात महिन्याचे वाणसामानही भागत नाही. संयम मागायचा असेल तर त्याची किंमत कोण देणार, हे बोलावेच लागेल.

उत्तर : दांड्याची सून

माझ्या सासूबाई खार दांड्याहून टोपली घेऊन बाजारात बसतात आणि आता मीही त्यांच्याबरोबर असते. वरच्या उत्तरांत विकणाऱ्या बायका कुठेच नाहीत, म्हणून लिहिते. लहान पापलेट खपते, कारण ते स्वस्त असते. मोठे पापलेट परवडत नाही, पण पाहुण्यांना पापलेटच हवे, अशी गिऱ्हाइके रोज येतात आणि लहानांचा वाटा घेऊन जातात. आम्ही तो ठेवला नाही तर गिऱ्हाईक शेजारणीकडे किंवा मोबाइलवरच्या दुकानाकडे जाते. तरी मी गिऱ्हाइकाला सांगून पाहिले आहे की, याच पैशांत ताजे बोंबील किंवा मांदेली घ्या. चारांतला एक ऐकतो आणि पुढच्या वेळी तेच मागतो.

अडचण खरी उचलीची, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांची, आहे. बोटवाल्याने व्यापाऱ्याकडून हंगामाआधी पैसे उचललेले असतात आणि मग सगळा माल त्याच व्यापाऱ्याला द्यावा लागतो. तो लहान पापलेटही मागतो आणि उरलेसुरले कोंबडीखाद्यासाठी घेतो. ठराव झाल्यावर तो व्यापारी काय करील, याचा विचार केला आहे का? सोसायटीने हंगामाच्या सुरुवातीला थोडे खेळते भांडवल दिले, किसान क्रेडिट कार्डाचे अर्ज एकत्र भरून घेतले, तर निदान काही बोटी मोकळ्या होतील. आणि सभेला आम्हा विक्रेत्या बायकांना बोलवा. आमच्यातल्या फार थोड्या सोसायटीच्या सभासद आहेत, पण घरात दर आम्हीच सांगतो.

उत्तर : वरळीकर

ठरावाला माझा विरोध नाही, पण एक भीती आहे. मासा कमी झाला तो कोळ्यांच्या जाळ्यांमुळे, असे उद्या कोणी हाच ठराव दाखवून म्हणेल. आमच्या खाड्यांत शहराचे सांडपाणी उतरते, डोळीत माशांबरोबर प्लॅस्टिक येते. वरळीच्या खडकांवर आमच्या बायका कालवे काढत, त्यातली बरीच जागा आता भरावाखाली आहे. किनारी रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमधले अंतर आधी ६० मीटर ठरले होते. बोटी सुरक्षित जाव्यात म्हणून आमच्या लोकांनी काही वर्षे झगडून ते १२० मीटर करून घेतले. त्यांची मागणी त्याहूनही मोठी होती.

म्हणून ठरावाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा की, आम्ही आमच्या बाजूने हे करीत आहोत आणि खाडीचे पाणी स्वच्छ व्हावे, मासेमारीच्या जागा नकाशावर नोंदल्या जाव्यात, अशी आमची मागणी आहे. दोन्ही एकाच कागदावर असू द्या.

प्रश्नकर्ती : मढची लेक

तांडेलकाका, तुमचे उत्तर मी भावाला वाचून दाखवले. "जागा सोडायची असेल तर मी सोडेन, मासा फेकायला सांगू नका," असे तो म्हणाला. एवढ्या दिवसांत त्याने ठरावाला प्रथमच होकार दिला.

ठरावाचा मसुदा मी बदलून लिहिला आहे. लिलावावरची बंदी काढून वायरलेसवर कळवण्याचे आणि त्या उधाणापुरती जागा सोडण्याचे कलम घातले आहे. ट्रॉलरच्या चौकोनी आसाचे कलम वेगळे आहे आणि खाडीच्या पाण्याची मागणी सुरुवातीलाच घेतली आहे. कायदा १३५ मिलिमीटर म्हणतो आणि आमचा मसुदा पहिल्या उपशाला सूट देतो, हा फरक अधिकाऱ्यांना कसा समजवायचा, हे मला अजून सुचलेले नाही. त्यावर कोणाला काही सुचले तर जरूर लिहा. उचलीच्या प्रश्नावर सोसायटीच्या संचालकांशी रविवारी बोलणार आहे. दांड्याच्या वहिनी, तुम्ही आणि तुमच्या सासूबाई दोघींनी सभेला यावे, मी स्वतः घ्यायला येईन. काका, वेसाव्याहून तुम्ही तरीने, म्हणजे फेरीबोटीने, आलात तर धक्क्यावर भाऊ उभा असेल. आमची नोंदवही येत्या अमावास्येच्या उधाणापासून सुरू होते आहे; मोजायची फळी त्याने काल रात्रीच रंधून ठेवली.