ऑगस्ट 2023 अन् आमचा ग्रुप

(ग्रुप 'आपला वाडा'. गाव, अमरावती, वर्धा, पुणे मिळून 23 जण. जानेवारीतली रात्र, साडेनऊ.)

शुभम: सरांनी सरावाले प्रत्येकाले एक जुना महिना वाटून देला. मले ऑगस्ट 2023 आला. जगातल्या 5 मोठ्या घटना, प्रत्येकीवर 4 ओळी. मी काढल्या त्या अशा : चांद्रयान-3, रशियाचं लूना-25 चंद्रावर आदळलं, जोहान्सबर्गची ब्रिक्स परिषद (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका यायचा गट), अमेरिकेतल्या हवाईची आग, आफ्रिकेतल्या गॅबॉन देशातला लष्करी उठाव. काही राहिलं का?

बंडूकाका: पाऊस लिही.

शुभम: काका, जागतिक घटना पाहिजे.

बंडूकाका: मंग? आपलं गाव जगाच्या बाहेर हाय का?

आत्या: 😄

मोठे बाबा: शुभम, हसण्यावारी नेऊ नको. 1901 पासूनच्या नोंदीत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तोच. सरासरी 255 मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्या वर्षी 163 सुद्धा भरला नाही. 36 टक्के तूट. प्रशांत महासागरात एल निनो होता. पेरूकडचं समुद्राचं पाणी तापलं की आपला मान्सून लंगडतो. आता सांग, ही घटना आपल्या तालुक्याची की जगाची?

शुभम: पण सरांच्या यादीत नसन तर मार्क जातीन नं मोठे बाबा.

बंडूकाका: तुह्या सराले माह्या वावरात आन. धोंड्याचा महिना होता तवा. 16 तारखेले अधिक सरला, जावई अनारसे खाऊन गेले, निज श्रावण लागला. दोन श्रावण अन् एक झड नाई. सोयाबीन फुलावर होतं. सकाळी गेलं का तासातासात फुलाचा सडा, जसं कोणं मुद्दाम झटकलं. भेगा अशा का माही चप्पल गेली अन् अर्धीच निंगाली. अर्धी अजून तिथंच हाय.

पल्लवीताई: काका 🙈

वहिनी: खरंच आहे ते. मी दुसरी चप्पल घेऊन गेले होते.

शुभम: मंग यान उतरलं तवा तुम्ही कुठी होते?

बंडूकाका: वावरातच. स्प्रिंकलरचे पाईप बदलून रायलो होतो. लाईन दिवसाची होती त्या हप्त्यात, सांजच्याले जाणार होती, सोडता कशी? पोट्टं मोबाईल धरून धुऱ्यावर बसलं. मोबाईलवर नुसतं गोल फिरे. तेवढ्यात बाजूच्या वावरातून आरडाओरडा आला, शिट्ट्या. मी मनलं साप निंगाला का काय. तिकडं उतरलं होतं, आमच्या मोबाईलवर अजून वरतंच होतं. मंग आमचं उतरलं.

पल्लवीताई: 23 ऑगस्ट, संध्याकाळचे 6 वाजून 4 मिनिटं. आमच्या ऑफिसात कॅन्टीनच्या टीव्हीसमोर उभं राहायला जागा नव्हती.

मोठे बाबा: शुभम, लूनाबद्दल नीट लिही. 'पडलं' एवढ्यावर मार्क मिळत नाहीत. ते 11 ऑगस्टला निघालं, रॉकेट ताकदीचं, थेट चंद्राकडे. 1976 च्या लूना-24 नंतर 47 वर्षांनी रशियाचा हा प्रयत्न. 19 तारखेला कक्षा खाली आणताना इंजिन 84 सेकंदांऐवजी 127 सेकंद चाललं आणि यान आदळलं. आपलं निघालं होतं 14 जुलैला. पृथ्वीभोवती फेऱ्या मारत, कक्षा वाढवत वाढवत गेलं. इंधन कमी लागतं, वेळ जातो.

बंडूकाका: म्हंजे बुलेटवाला नालीत गेला अन् बंडीवाला बरोबर पोचला.

शुभम: हे लिहू का काका?

बंडूकाका: लिही. माहं नाव टाकू नको.

शुभम: त्याच 23 तारखेले रशियाच्या वॅग्नर या भाडोत्री सैन्याचा म्होरक्या प्रिगोझिन, त्याचं विमान पडलं, मॉस्कोच्या वर त्व्हेर प्रांतात. 10 जण होते. जूनमध्ये बंड केलं त्याले बरोबर 2 महिने.

आत्या: माय! ते राहू दे बाप्पा. राखीच्या दिवशी काय झालं होतं? 30 तारीख होती. भद्रा होती म्हणून रात्री 9 पर्यंत थांबलो होतो, बंडू उपाशीच.

शुभम: आत्या, त्याच दिवशी गॅबॉन. बोंगो बापलेक 1967 पासून गादीवर, सैन्यानं उतरवलं.

आत्या: बरं.

शुभम: हवाईची 4 ओळीत बसून नाई रायली. माउई बेट, लहायना गाव, 8 ऑगस्ट. शंभरावर माणसं गेली. तिथं आधी उसाचे मळे होते, ते बंद पडले अन् त्या जागी बाहेरचं गवत वाढलं. वारं सुटलं, वाळलं गवत पेटलं.

बंडूकाका: पडीक वावर. आपल्या इथं धुरा पेटवतात अन् बाजूच्याची तूर जाते, तशी गोष्ट.

पल्लवीताई: तिथे एक वड आहे. 1873 मध्ये आपल्या देशातून नेलेलं 8 फुटी रोप, त्याचा केवढा पसारा झाला होता. आगीत तोही होरपळला.

वहिनी: आजी विचारत आहेत, वाचला का?

पल्लवीताई: हो वहिनी. सप्टेंबरात पालवी फुटली.

वहिनी: आजी म्हणतात, पाणी कोणं घातलं?

पल्लवीताई: टँकरनं घातलं. झाडांच्या जाणकारांनी माती मोकळी केली, खताचं पाणी दिलं.

वहिनी: आजी म्हणतात, बरं केलं.

(यानंतर कोणी तरी एक मेसेज टाकून काढून टाकला.)

आत्या: तेव्हा टमाटे पण विचारू नका. कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं तेही त्याच महिन्यात.

पल्लवीताई: 19 ऑगस्टला. आणि 25 ला उकड्या तांदळावर 20 टक्के. बासमती सोडून पांढऱ्या तांदळाची निर्यात जुलैतच बंद केली होती. शुभम, थांब, हे बघ. पाऊस कमी, पीक हाती येईल की नाही भरवसा नाही, म्हणून आपण तांदूळ बाहेर जाऊ देईना. त्या ऑगस्टमध्ये जगात तांदळाचे भाव 15 वर्षांत नव्हते एवढे चढले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेचा आकडा आहे.

शुभम: म्हंजे काकाचा पाऊस पाचात बसते.

बंडूकाका: मी कवाचा सांगून रायलो.

शुभम: मंग गॅबॉन काढतो.

मोठे बाबा: गॅबॉन राहू दे, तो विचारतात. ब्रिक्स आणि चांद्रयान एकत्र लिही, त्या संध्याकाळी पंतप्रधान जोहान्सबर्गहूनच बोलले होते. एक जागा सुटते.

शुभम: काका, त्या वर्षी सोयाबीन किती झालं? शेवटची ओळ टाकतो.

बंडूकाका: एकरी 3 पोते. सप्टेंबरात पाणी आलं, त्याच्यासंग पिवळा मोझॅक रोग आला. 3 मध्ये कुटार जास्त.

बंडूकाका: लाईन आली. हरभऱ्याले पाणी सोडाले चाललो. वहिनी, दार लोटून ठेवजा, कडी लावू नका.