मदत हवी आहे : म्युझिक व्हिडिओ वंशभेद आणि स्त्री सक्षमीकरण "कसं" दाखवतात? (अर्जंट!!)

वैतागलेली_वैदू :
नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. प्रोजेक्ट द्यायचाय, विषय वरती आहेच. आठ पानं लिहून दिली होती ती मॅडमनी परत केली, वर लाल पेनाने "हा गाण्याचा अर्थ झाला. व्हिडिओ कुठे आहे?" आता व्हिडिओबद्दलच तर लिहिलंय ना सगळं! एकेका ओळीचा अर्थ लावून डोळे फुटले. सोमवारी परत द्यायचंय. प्लीज लवकर सांगा, आणि गूगल कर म्हणू नका, केलंय.

खडूस_काकू :
कुठला व्हिडिओ?

बाबूराव_रेडिओवाले :
ताई, सुरुवात मुळापासून करा. एमटीव्ही, म्हणजे अमेरिकेतलं गाण्यांच्या व्हिडिओंचं चॅनेल, सुरू झालं १९८१ला आणि तिथे काळे कलाकार जवळपास दिसायचेच नाहीत. १९८३मध्ये डेव्हिड बोवी या गोऱ्या ब्रिटिश गायकाने त्यांच्याच व्हीजेला (व्हिडिओ लावणारा निवेदक) मुलाखतीत तोंडावर विचारलं, काळे कलाकार इतके कमी का दाखवता म्हणून. त्याच वर्षी मायकल जॅक्सनचं बिली जीन तिथे लागलं. म्हणजे तेव्हा पडद्यावर नुसतं दिसणं हाच मेसेज. आमच्या चाळीत तेव्हा एकच टीव्ही, छायागीताला कुलकर्ण्यांच्या घरात चपला ठेवायला जागा नसायची.

वैतागलेली_वैदू :
काका भारी आहे पण मला आत्ताचं हवंय. बियॉन्सेचा व्हिडिओ घेतलाय, ती काळी अमेरिकन गायिका.

खडूस_काकू :
अगं तिचे ढीगभर आहेत. कुठला??

वैतागलेली_वैदू :
फॉर्मेशन. सगळ्यांना माहितीये म्हणून लिहिलं नाही.

म्यूट_मारा :
मी एडिटिंग करतो (लग्नं आणि प्री-वेडिंग, हसू नका). माझा एकच उपाय, आवाज पूर्ण बंद करून तीनदा बघ. मग काय उरतं ते लिही. आत्ता जेवता जेवता परत बघितला. शेवटाकडे काळी हुडी घातलेला एक लहान मुलगा नाचतोय, एकटा, आणि त्याच्यासमोर हेल्मेट घातलेल्या पोलिसांची रांग. तो नाचून झाल्यावर हात पसरतो आणि पोलिसच हात वर करतात! मग भिंतीवर स्प्रेने लिहिलेलं, आमच्यावर गोळ्या झाडणं थांबवा. या शॉटमधली एक गोष्ट तरी गाण्याच्या शब्दांत आहे का? नाही. तुझ्या मॅडमना हेच पाहिजे असणार.

खडूस_काकू :
+१. आणि हुडी उगाच नाहीये. २०१२मध्ये फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन नावाचा १७ वर्षांचा मुलगा मारला गेला तेव्हा त्याच्या अंगात हुडी होती, त्यानंतर लोक हुड्या घालून मोर्च्यांना जायला लागले. हे नाही लिहिलंस तर वाचणाऱ्याला तो नुसता नाचणारा पोरगा वाटेल.

सरळ_बोलतो :
माफ करा पण हे सगळं महागड्या ब्रँडच्या कपड्यांचं दुकान आहे. करोडपती बाई पोलिसांच्या गाडीवर चढली की क्रांती होते का? त्यापेक्षा धिस इज अमेरिका घे, २०१८चं, चाइल्डिश गॅम्बिनो या काळ्या रॅपरचं. माणूस गोळी घालतो, मग बंदूक लाल कपड्यात जपून ठेवायला देतो आणि मेलेल्याला फरफटत नेतात. संपला विषय.

खडूस_काकू :
आणि स्त्री सक्षमीकरण? त्यात कॉयरमधल्या (समूहात गाणाऱ्या) बायका गोळ्या खातात आणि शेवटी सिझा ही गायिका गाडीवर नुसती बसलेली. विषयाचा अर्धा भाग गेला कुठे?

सरळ_बोलतो :
मग क्वीन लटिफा या काळ्या रॅपर बाईचं लेडीज फर्स्ट. १९८९, वय १९, मंडेला अजून तुरुंगात. दक्षिण आफ्रिकेच्या नकाशावर गोऱ्या माणसांचे पुतळे ढकलून त्या जागी काळ्या मुठी ठेवते. मध्ये मध्ये हॅरिएट टबमन, अँजेला डेव्हिस वगैरे काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेल्या बायकांचे फोटो. ब्रँड नाही काही नाही.

खडूस_काकू :
हे मात्र भारी काढलंत.

वैतागलेली_वैदू :
अहो व्हिडिओ बदलता येणार नाहीये!! विषय रजिस्टर झालाय.

केबल_कंपनी :
कॉलेजच्या प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडताना आवाज लॅपटॉपमधूनच येतो बऱ्याचदा, साउंड आउटपुट बदलायचं. आणि व्हिडिओ पेनड्राइव्हवर ठेव, वायफायवर विसंबून राहू नकोस.

वैतागलेली_वैदू :
प्रेझेंटेशन नाहीये, लेखी आहे. पण थँक्स.

ह्यूस्टनची_सून :
उशिरा वाचतेय. गाडी पाण्यात बुडते त्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. ऑगस्ट २००५मध्ये कॅटरिना चक्रीवादळ आलं, बंधारे फुटले, न्यू ऑर्लिन्सचा जवळजवळ ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. हजारो लोकांना बसमध्ये घालून आमच्या ह्यूस्टनला अॅस्ट्रोडोम स्टेडियममध्ये आणलं, बहुतेक सगळे काळे आणि गरीब. आम्ही मंडळाच्या बायका चादरी वाटायला गेलो होतो. एक आजी होत्या, चादर घेतली पण अंगावर नाही घेतली, घडी करून मांडीवर ठेवली आणि तशाच बसून राहिल्या रात्रभर कॉटवर. टीव्हीवर दिवसभर तेच, छपरावर उभी राहून हात हलवणारी माणसं. त्यामुळे ती बाई पाण्यातल्या गाडीच्या टपावर दिसली तेव्हा मला स्टाइल वगैरे काही दिसलं नाही, ते छप्परच दिसलं. आणि गाडी न्यू ऑर्लिन्स पोलिसांची आहे हे बघ. शेवटी ती उडी मारून सुटत नाही, गाडीला घेऊन बुडते.

सरळ_बोलतो :
शूटिंग मात्र बरंचसं लॉस एंजेलिसकडे झालंय, बाउन्स नाचाचे (न्यू ऑर्लिन्सचा खास नाच) काही शॉट्स तर दुसऱ्याच्या डॉक्युमेंट्रीतले, त्यावरून तेव्हा वादही झाला होता. तेही लिहा म्हणजे दुसरी बाजू येईल. (ताई, तुमच्या अनुभवाबद्दल काही म्हणायचं नाहीये.)

निळी_पहाट :
व्हिडिओ आला ६ फेब्रुवारी २०१६ला आणि दुसऱ्याच दिवशी सुपर बोलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची फायनल) तिने हे गायलं, मागच्या मुलींच्या डोक्यावर काळ्या बेरे टोप्या. तो ब्लॅक पँथर्स या अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढाऊ पक्षाचा वेष, त्या पक्षाला तेव्हा ५० वर्षं होत होती. याच पँथर्सवरून १९७२मध्ये मुंबईत ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर उभी केली. आपल्या वाचकाला इथून आत नेता येईल.

बाबूराव_रेडिओवाले :
वरळीचे ते दिवस आठवतात हो. आमच्या मामाच्या...

खडूस_काकू :
बाबूराव, वेगळा धागा काढा, नक्की वाचू. निळी, मुद्दा चांगला आहे पण जात आणि वंश एकच असं होऊ देऊ नकोस, मॅडम तिथेच पकडतील. वैदू, बाईपणाचा भाग राहिलाय. ते जुनं हवेलीसारखं घर बघ. आत काळ्या बायका पांढऱ्या लेसच्या पोशाखात, हातात पंखा, निवांत बसल्यात. गुलामगिरीच्या काळात अशा घरात त्या खुर्चीवर मालकीण बसायची आणि काळी बाई पंखा घालायला उभी. इथे पंखा तोच, बसलेली बाई बदलली. आणि दिग्दर्शक मेलिना मात्सुकास, तीही बाईच. एवढा एक शॉट नीट लिहिलास तरी दोन पानं होतील.

वैतागलेली_वैदू :
ओह. म्हणजे मी आठ पानांत पंखा हा शब्दच लिहिलेला नाही 😭
रात्री आवाज बंद करून बघितला. तीनच शॉट घेतेय, पंखा, हुडी, गाडी. कोण कुठे उभं, कोण बसलंय, कॅमेरा कुठून बघतोय एवढंच आधी लिहितेय. ह्यूस्टनच्या ताई, छपराचं तुमचं घेऊ का, नाव न टाकता?

ह्यूस्टनची_सून :
घे की. आजींचं नको फक्त.

वैतागलेली_वैदू :
नाही घेणार. अजून एक, प्रोजेक्ट मराठीत आहे (सांगायचं राहिलं). हुडीला मराठीत काय म्हणायचं?

खडूस_काकू :
हे आत्ता सांगतेस!

म्यूट_मारा :
टोपीवाला स्वेटर

बाबूराव_रेडिओवाले :
कुंची! शब्द आहे आपल्याकडे, वापरा जरा.

सरळ_बोलतो :
कुंची लिहिलीस तर मॅडमना बारसं आठवेल. हुडीच लिही.